बाबांचा बिनगव्हाचा पाव

माझ्या वडिलांच्या शर्टाला पावाचा वास यायचा. कितीही धुतला तरी जायचा नाही. अकोल्याच्या एका बेकरीत ते बत्तीस वर्षं भट्टीवर कारागीर होते. सकाळी सातच्या सुमारास, मी शाळेसाठी वेणी घालत असताना, त्यांची सायकल दाराशी टेकायची. हँडलला लटकवलेल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पाव निघायचे. अजून कोमट असायचे. वरचा पापुद्रा चकाकणारा, बुडाला भट्टीची किंचित राख. आम्ही दोघं जमिनीवर समोरासमोर बसायचो आणि चहात बुडवून खायचो. बाबांच्या कोपरापासून मनगटापर्यंत एकही केस नव्हता, भट्टीच्या धगीनं सगळे जळून गेलेले. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांचे हात असेच असतात.

आई मी नववीत असताना गेली. पोटाचा कॅन्सर होता. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. बाबांना भाजी कधी धड जमली नाही, वरण एक तर पातळ नाही तर करपलेलं. पण पाव होता ना. माझं पोट लहानपणापासून नाजूक. वर्षातून सात-आठ वेळा तरी जुलाब, पोट फुगणं, तोंड येणं. असं झालं की बाबा दुधात पाव कुस्करून द्यायचे.

"खाय माय, पाव हलका असते, लवकर पचते," म्हणायचे.

गल्लीतले डॉक्टरही तेच सांगायचे. तेव्हा कुणालाच वेगळं काही माहीत नव्हतं.

हे सगळं आता लिहायला बसले, कारण ज्यांना नुकतंच "आता गहू बंद" असं सांगितलं गेलंय, त्यांच्यापैकी कुणीतरी हे वाचावं असं वाटतं. मला ते सांगितलं गेलं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि माझं वजन अडतीस किलो होतं.

"बायकांचं असंच असते"

लग्न होऊन अमरावतीला आले, तहसील कार्यालयात लिपिक म्हणून लागले, मुलगी झाली. बाळंतपणानंतर रक्त कमी झालं ते वर आलंच नाही. लोहाच्या गोळ्या चालू, बंद, पुन्हा चालू. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारायच्या, "काय व नंदा, डायटिंग करून राहिली का?" मी हसायचे. सासूबाई म्हणायच्या, "बायकांचं असंच असते, रक्त कमीच राह्यते." त्याही तशाच जगल्या होत्या.

पण मला आतून ठाऊक होतं की हे साधं नाही. केस मूठभर गळायचे. जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. बसनं कुठं जायचं तर आदल्या दिवसापासून जेवण बंद, कारण वाटेत जावं लागलं तर काय? आईचे शेवटचे दिवस मला आठवायचे. तीही अशीच वाळत गेली होती. हा विचार मी नवऱ्याला, प्रकाशला, कधी बोलून दाखवला नाही. नंतर कळलं की त्याच्याही मनात तोच होता आणि त्यानंही मला सांगितला नव्हता. दोघं एका पलंगावर झोपायचो, दोघांच्या मनात एकच शब्द, आणि बोलणं मात्र गॅस सिलिंडर कधी लावला याबद्दल.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला निघाले. बाबा बसस्टँडवर न्यायला आलेले. बसमधून उतरले, त्यांचा पांढरा शर्ट दिसला, हात वर केला, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा डोकं बाबांच्या मांडीवर होतं आणि ते गमछ्यानं वारा घालत जमलेल्या लोकांवर ओरडत होते, "सरका ना बापा, हवा येऊ द्या तिले!"

सहा दिवस

दवाखान्यात सहा दिवस होते. हिमोग्लोबिन पाचच्या खाली. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. सकाळी साडेसहाला झाडूवाली यायची, मग सिस्टर सुई घेऊन, मग चहा. पोटाचा पेशंट म्हणून मला चहासोबत ब्रेड मिळायचा. मी तो आवडीनं खायचे, कारण त्या वॉर्डात घरासारखं वाटणारं तेवढंच होतं. दुपारपर्यंत पोट ढोल व्हायचं. दोन्ही गोष्टींचा संबंध माझ्याच डोक्यात आला नाही तर इतरांच्या कसा येणार?

शेजारच्या खाटेवर अंजनगाव सुर्जीच्या एक मावशी होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. त्यांच्या सुनेनं शेंदूरजनाघाटहून आलेली संत्री आणली होती. मावशी स्वतः खाऊ शकत नव्हत्या, पण रोज एक सोलून माझ्या हातात फोड-फोड ठेवायच्या आणि मी खाते की नाही हे बघत बसायच्या. बोलायच्या फार कमी. त्या सहा दिवसांतलं सगळ्यात गोड जर काही असेल तर ती संत्री.

चौथ्या दिवशी तोंडातून नळी घालून तपासणी केली, आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला. रक्ताची एक वेगळी तपासणीही पाठवली होती. रिपोर्ट येईपर्यंतच्या दोन दिवसांत बाबांनी विशीतल्या माणसासारख्या लॅबच्या खेपा घातल्या. त्यांचं वय तेव्हा एकाहत्तर.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत मी, प्रकाश आणि बाबा होतो. डॉक्टरीण तरुण होत्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि सगळ्यात आधी म्हणाल्या, "कॅन्सर नाहीये."

प्रकाश रडायला लागला. मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघत होते. मला रडू आलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. सीलिअॅक नावाचा आजार. गव्हातल्या एका घटकाशी माझं शरीर लढतं आणि त्या लढाईत माझंच आतडं झिजतं. औषध नाही, ऑपरेशन नाही. गहू सोडायचा. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, टोस्ट.

"किती दिवस?" मी विचारलं.

"कायमचा."

बाबांनी विचारलं, "पावबी नाई?"

"पाव तर अजिबातच नाही, काका."

बाबांनी टेबलावरचा रिपोर्ट स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "हे तिले कधीपासून असन?"

"नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही लहानपणाबद्दल जे सांगितलंत त्यावरून, कदाचित तेव्हापासूनच."

बाबा उठले आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं पाणी प्यायला गेले असतील. अर्धा तास झाला तरी परत आले नाहीत म्हणून प्रकाश शोधायला गेला. ते दवाखान्याच्या मागच्या नळावर होते. हात धूत होते. प्रकाशनं आवाज दिला तरी धूतच होते.

हिंग

घरी आल्यावर पहिले दोन महिने सोपे गेले. आपल्या वऱ्हाडात ज्वारीची भाकरी आहे, भात आहे, पिठलं आहे, ठेचा आहे. सासूबाई म्हणाल्या, "गहू कोनाले पाह्यजे? आमी लहानपनी भाकरीवरच वाढलो." जुलाब थांबले. वजन दोन किलो वाढलं. मग एकाएकी सगळं परत सुरू झालं आणि मी फार घाबरले. गहूही सोडला, आता सोडण्यासारखं काय उरलं?

डॉक्टरांनी घरातला एकेक पदार्थ विचारला. ज्वारी कुठं दळता? कोपऱ्यावरच्या चक्कीवर. आधी गव्हाचं दळण झालेलं असतं का? असतंच. हिंग कोणता वापरता? डबीतला. त्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. त्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं होतं.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. "माह्या हातच्या वरनात खोट निंगाली," एवढंच प्रकाशला म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती, माझीही नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर हिंगाची डबी कचऱ्यात होती, पोळपाट-लाटणं फडताळाच्या वरच्या कप्प्यात, आणि माझ्यासाठी नवा तवा ओट्यावर. तव्याच्या कडीला त्यांनी लाल दोरा बांधला होता, चुकून कुणी पोळी टाकू नये म्हणून. पुढच्या महिन्यात प्रकाशनं घरघंटी आणली आणि चक्की सुटली.

तरी घरापुरतं ठीक, बाहेर काय? भीमजयंतीला विहारात पंगतीत पुरी-भाजी आणि खीर होती, तीही शेवयांची. मी डबा घेऊन बाजूला बसले. येणारा-जाणारा विचारायचा, "काय झालं? उपास हाय का?" दहाव्या वेळेला मी "हो" म्हणून टाकलं.

आणि पाव. हे सांगायला मला लाज वाटायची, इतकी मोठी बाई पावासाठी झुरते म्हणून. ऑफिसच्या खाली चहाची टपरी होती, तिथं कुणी चहात पाव बुडवताना दिसलं की मी तोंड फिरवायचे. भूक नव्हती ती. ते अकोल्याचं घर, दाराशी टेकलेली सायकल, समोर मांडी घालून बसलेले बाबा, हे सगळं त्या एका घासात होतं आणि तो घास आता मला कधीच मिळणार नव्हता.

बाबा फोनवर फक्त "वजन किती झालं?" विचारायचे. आकडा ऐकला की फोन ठेवायचे. मला वाटलं होतं ते धीर देतील. मी एकदा चिडून म्हणाले, "बाबा, दुसरं काही बोला की माझ्याशी!"

मग म्हणाले, "काय बोलू? म्या तुले माह्या हातानं चारलं."

"याच्यात जीव नाई"

पुढच्या वर्षीच्या जानेवारीत एका दुपारी ते न सांगता अमरावतीला आले. हातात जड पिशवी. तिच्यात पाव भाजायचे तीन डबे, कोरे करकरीत.

"टिनवाल्याकून नवे बनवून आनले," म्हणाले. "जुने नाई आनले. त्याईत गव्हाचा अंश असन."

मग माझ्या घरघंटीकडे बोट दाखवून म्हणाले, "ज्वारी काढ. बारीक दळ."

पहिल्या दिवशी त्यांनी ज्वारीचं पीठ, खमीर म्हणजे यीस्ट, साखर, मीठ घेऊन अर्धा तास मळलं. मी त्यांना इतक्या वर्षांनी पीठ मळताना बघत होते. खांद्यापासून जोर, मनगटाचा तोच पीळ. पण पीठ ताणलं की तुटायचं. ते पुन्हा गोळा करायचे, पुन्हा तुटायचं. शेवटी हात थांबवून म्हणाले, "याच्यात जीव नाई. गव्हाचं पीठ मळलं की हाताले जवाब देते. हे बोलतच नाई."

माझ्या छोट्या ओव्हनमधून निघाला तो पाव नव्हता, वीट होती. दारातल्या गाईनं हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तांदळाचं पीठ घातलं, वरून फाटला. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर बघून मी साबुदाण्याचं पीठ घालायला सांगितलं, तर आतून चिकट लगदा. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, राहू द्या ना. भाकर खाते ना थे."

"भाकर खाते," बाबा म्हणाले, "पन पाव मांगते."

मी एका शब्दानंही त्यांच्याकडे पाव मागितला नव्हता.

बाबांना बद्धकोष्ठाचा त्रास. रोज पाण्यातून इसबगोल घ्यायचे. सहाव्या दिवशी ग्लासात इसबगोल घातला आणि फोन आला म्हणून बोलत बसले. परत आले तर ग्लासातलं पाणी थिजलं होतं, चमचा उभा राहील इतकं. बाबांनी ते बोटानं उचललं. ताणलं. तुटलं नाही.

"नंदा! इकडं ये! हे पाह्य!"

मी धावत गेले. वाटलं पडलेबिडले की काय. ते ग्लास उजेडात धरून उभे होते आणि बोटाला तो चिकट धागा लोंबत होता. चेहऱ्यावर असा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. रात्री मोबाईलवर पाहिलं तर जगभरातल्या बायका इसबगोल घालूनच असा पाव करतात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग त्याईनंबी पोटासाठीच घेतला असन पहिले."

पुढे आणखी चार पाव बिघडले, पण आता कशामुळे बिघडला ते त्यांना कळत होतं. हे पीठ मळायचंच नाही, हे मान्य करायला त्यांना सगळ्यात जड गेलं. आम्ही करतो ते असं: दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी तांदळाचं, अर्धी वाटी साबुदाण्याचं. चार मोठे चमचे इसबगोल सव्वादोन-अडीच वाट्या पाण्यात आधी भिजवून थिजू द्यायचा. कोमट पाण्यात खमीर आणि साखर, फेस आला की सगळं एकत्र. मीठ, दोन चमचे तेल, चमचाभर व्हिनेगर. भज्याच्या पिठापेक्षा घट्ट, पोळीच्या कणकेपेक्षा खूप सैल. डब्यात घालून ओल्या हातानं वरून सारखं करायचं. एकदाच फुगू द्यायचं, तेही डब्याच्या काठापर्यंतच. लोभ केला तर ओव्हनमध्ये खाली बसतो. चांगला तासभर भाजायचा. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. गरम कापला की आत लगदा.

अकराव्या पावाला बाबांनी मला दोन तास सुरी लावू दिली नाही. घरभर वास सुटला होता. ज्वारीचा, थोडा आंबूस, पण भट्टीचाही. मग त्यांनी स्वतः कापला. आत जाळी पडली होती. बारीक होती, पण होती.

मी चहात बुडवून खाल्ला. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा हाय?"

"बरा आहे."

"बरा म्हंजे?"

मला खोटं बोलता आलं नाही. "तुमच्या बेकरीसारखा नाहीये, बाबा."

"कसा असन? गहू गेला ना त्याच्यातून." त्यांनी आणखी एक फोड कापली. "पोट दुखलं तं सांगजो."

दुखलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्या पावाच्या पाच फोडी खाल्ल्या. शेवटची खाताना रडले, पण तोवर बाबा झोपले होते.

अचलपूरची बाई

त्याला आता तीन वर्षं झाली. माझं वजन एक्कावन्न आहे. गेल्या तपासणीत रक्तातला सीलिअॅकचा आकडा जवळजवळ सामान्य आला. हाडं अजून दुखतात, गोळ्या चालू आहेत. कधीतरी बाहेरच्या भाजीच्या रश्शातून चूक होते आणि दोन दिवस जातात. बाबा अकोल्यालाच राहतात, पण महिन्यातले आठ-दहा दिवस आमच्याकडे असतात आणि तेव्हा पाव तेच करतात. आमच्यात त्या फोनवरच्या वाक्याबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ते उठून गेले.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माझा नंबर देऊन एका बाईला आमच्याकडे पाठवलं. अचलपूरहून बसनं आलेली, तिशीतली, सोबत सात वर्षांची मुलगी. मुलगी इतकी बारीक की फ्रॉकच्या बाहीत हात हरवलेला. नुकतंच कळलं होतं. मी चहा टाकायला आत गेले. बाबा बाहेर त्यांच्याजवळ बसले होते.

आतून मला ऐकू आलं, ती बाई रडत होती. "थे खात नसे, काका. म्या मारून-मारून पोळी चारली तिले. म्हने पोट दुखते, मले वाटे बहाने करून राहिली. माह्याच हातानं केलं म्या."

माझा हात पातेल्यावरच थांबला. मला वाटलं बाबा आता उठतील.

"रडू नको," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, कोरडा. "तुले मालूम होतं का?"

"नाई."

"डाक्टरले मालूम होतं का?"

"नाई."

"मंग? पोरगी बारीक होऊन राहिली होती, तुले भेव वाटलं, तू चारलं. माय अजून काय करते? बाप अजून काय करते?" आणि मग हळू, जणू तिला नाही, दुसऱ्याच कुणाला सांगत असावेत, "चारलं म्हनून जगली थे."

मी गॅस बारीक केला. चहा उतू गेला होता.

बाहेर आले तेव्हा ती बाई पदरानं डोळे पुसत होती आणि मुलगी बाबांच्या शेजारी बसून पावाची फोड कुरतडत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिच्या आईला विचारत होते,

"घरी ओव्हन हाय का?"

"नाई, काका."

"कुकर?"

"कुकर हाय."

"मंग झालं," बाबा म्हणाले. "शिट्टी काढून ठेवजो आन् रबरबी. बाकी मी दाखोतो. चाल, हात धू."